गळ्यापर्यंत पाणी

"अत्यल्प म्हणजे मी का?" सासूबाईंनी विचारलं.

व्यवस्थापकांचा घास तोंडाशी येऊन थांबला. जेवता जेवता ते आपला अहवाल घरच्यांना वाचून दाखवत होते. अहवाल नगरपालिकेत जाऊन, मंजूर होऊन, त्यावर सह्यासुद्धा झाल्या होत्या. आता वाचण्यामागे भाषेचं थोडं कौतुक व्हावं, एवढाच हेतू होता. 'सदर क्रीडा व करमणूक केंद्राची इमारत जीर्ण झाली असून पोहण्याच्या तलावास नागरिकांचा प्रतिसाद अत्यल्प आहे' हे वाक्य त्यांचं त्यांनाच फार आवडलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि तिथेच घात झाला.

"तसं नाही हो, आई. अत्यल्प म्हणजे आपलं एकंदरीत."

"एकंदरीत आम्ही आठ बायका आहोत सकाळच्या. त्यातली एक मी. म्हणजे अत्यल्पाचा आठवा भाग मी झाले."

"अहवालात कुणाचं नाव नसतं."

"नाव कशाला पाहिजे? मी राहतेच की तुमच्या घरात."

बायकोने वाढायच्या निमित्ताने मध्ये हात घातला. "आई, अगं तीन वर्षांत नवं संकुल होणार आहे तिथे. कोमट पाण्याचा तलाव, लिफ्ट, सगळं आहे त्यात."

"होऊ दे की. माझ्या गुडघ्यांना तेवढं समजावून सांग, तीन वर्षं दम धरा म्हणून."

सासूबाईंचे गुडघे वाकायचे बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जाणं हा त्यांच्यासाठी प्रवास होता: आधी पलंगाची कड, मग खुर्ची, मग भिंत, मग दाराची चौकट, आणि प्रत्येक मुक्कामावर थोडा थांबा. पण छातीभर पाण्यात उतरल्या की त्याच बाई ताठ, हात हलवत, मागे वळून गप्पा मारत अशा चालायच्या की कॉलेजला उशीर झालेल्या मुलीने तोंडात बोट घालावं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना पहिल्यांदा तलावावर नेलं होतं ते व्यवस्थापकांनीच. पाण्यातली पहिली चार पावलं टाकून झाल्यावर सासूबाई मोठ्याने हसल्या होत्या. ते हसू व्यवस्थापकांच्या चांगलं लक्षात होतं, आणि अहवाल लिहिताना ते मध्ये येऊ नये म्हणून त्यांना बराच त्रास घ्यावा लागला होता.

पण दुसरी बाजूही होती. केंद्र खरोखरच मोडकळीला आलेलं होतं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उंच मारलेलं फूल छपराच्या भोकातून बाहेर जायचं आणि पावसापाण्याने काळं होऊन सावकाश परत यायचं. टेबल टेनिसच्या टेबलाचा एक पाय विटेवर होता. व्यायामशाळेतल्या वजनांवरचे आकडे झिजून गेले असल्यामुळे कोण किती वजन उचलतो हे त्याच्या शब्दावर मानावं लागे. व्यवस्थापकांची केबिन म्हणजे पूर्वीची टॉवेल ठेवायची खोली. खुर्ची मागे सरकवली की डोकं हात धुण्याच्या बेसिनला लागायचं. आणि नगराध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "निरोप समारंभ तेवढा नीट पार पाडा. नवं संकुल तुमच्याच ताब्यात." नव्या संकुलातल्या केबिनचा नकाशा व्यवस्थापकांनी पाहिला होता. तिला खिडकी होती.

समारंभाची कल्पना अध्यक्षांची स्वतःची. फीत कापायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मागे एका वाचनालयाच्या उद्घाटनाला कात्री बोथट निघाली, फीत कापता कापेना, शेवटी त्यांनी ती दातांनी तोडली आणि नेमका तोच फोटो पेपरात आला. तेव्हापासून कात्रीचं त्यांना वावडं होतं. इथे त्यांनी तलावाकाठचं लोखंडी चाक फिरवायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, सगळ्यांच्या देखत पाणी हळूहळू उतरायला लागायचं आणि एका युगाचा शेवट व्हायचा, असं ठरलं होतं.

"पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले होते, "जे मला करायचंय ते आधी तुम्ही करून बघायचं."

व्यवस्थापक आज्ञाधारक होते. सगळं पुढे घडलं ते त्यामुळेच.

समारंभ अकराला होता. सकाळीच व्यवस्थापक तलावावर हजर झाले. चाकाला लाल रंग देऊन झाला होता, साटीनची फीत बांधून झाली होती. फीत कापायची नव्हती, नुसती शोभेला होती. तलावात सकाळच्या बायका शेवटच्या फेऱ्या मारत होत्या. त्यांत सासूबाईही होत्या, पण जावयाकडे बघत नव्हत्या. काठावर खुर्ची टाकून कोरडे मास्तर बसले होते. कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते तलावाचे जीवरक्षक होते आणि आजवर त्यांना ओलं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

चाकाला नुसता पाव वळसा देऊन बघायचा आणि परत बंद करायचं, असा व्यवस्थापकांचा विचार होता. चाक हलेना. त्यांनी जोर लावला. मग दोन्ही पाय कठड्याला लावून अंगाचा सगळा भार टाकला.

"साहेब, प्लंबर येऊ दे ना," कोरडे मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले.

"प्लंबर गेल्या आठवड्यापासून येतोय."

एवढ्यात चाक सुटलं. इतकी वर्षं जागचं न हललेलं चाक लोण्यासारखं फिरलं आणि खाली खोल कुठेतरी कुणीतरी भला मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला. व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. चालतं तर! मग त्यांनी चाक उलटं फिरवलं. तेही झकास फिरलं. सुलटं फिरलं, उलटं फिरलं, कसंही फिरायला लागलं आणि शेवटी फितीसकट त्यांच्या हातात आलं.

कोरडे मास्तर उठून काठाशी गेले, वाकून बघितलं आणि परत आले.

"साहेब, पाणी चाललं."

"किती?"

"सगळंच."

व्यवस्थापकांनी प्लंबरला फोन लावला. "निघालोच साहेब, पाच मिनिटं," प्लंबर म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी अंघोळ करत असल्याचा आवाज येत होता. नळ सोडून वरून पाणी भरावं, तर केंद्र बंद होणार म्हणून नगरपालिकेने आदल्याच दिवशी नळ तोडला होता. तोडावा म्हणून अर्ज व्यवस्थापकांचाच होता, आणि नगरपालिकेने तो इतक्या तत्परतेने निकालात काढल्याचं त्यांना तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

"जावईबापू," पाण्यातून आवाज आला, "पाणी कमी झालंय."

"तुम्हाला तसं वाटतंय, आई."

"मला काही वाटत नाहीये. मघाशी इथे होतं," सासूबाईंनी खांद्याला हात लावला, "आता इथे आहे."

व्यवस्थापक मटकन कोरडे मास्तरांच्या खुर्चीत बसले. अकरा वाजता अध्यक्ष येणार, रिकाम्या तलावाचं पाणी सोडणार आणि फोटोग्राफर त्याचा फोटो काढणार. खिडकीवाली केबिन डोळ्यांसमोरून निघून चालली होती. तेवढ्यात पाण्यातल्या एका बाईंना वाऱ्याने हुडहुडी भरली आणि त्या गुडघे मोडून गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. व्यवस्थापक त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने तलाव भरलेला होता. पाणी किती आहे हे पाण्यावरून कळत नाही, माणसांवरून कळतं!

त्यांनी बायकांना काठाशी बोलावलं आणि कल्पना मांडली. बायकांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. फोटोग्राफर येणार म्हटल्यावर तशाही त्या गळ्यापर्यंत पाण्यातच राहणार होत्या. "साहेबांचं भाषण होईतो असंच बसायचं," व्यवस्थापक म्हणाले. "साहेबांनी चाक फिरवलं की मी खिशातून रुमाल काढीन. रुमाल दिसला की सगळ्यांनी हळूहळू उभं राहायचं. म्हणजे पाणी उतरतंय असं दिसेल."

"आणि खरं उतरलेलं असेल त्याचं काय?" एकीने विचारलं.

"ते त्यातच धरायचं."

"मला बसता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही आपल्या त्या कोपऱ्यात उभ्या राहा, आई. लांबून कळायचं नाही."

अडचण एकच होती. एवढ्या मोठ्या तलावात सात डोकी म्हणजे पातेलंभर पाण्यात चार वाटाणे. व्यवस्थापकांनी घरी फोन लावला.

"अगं, दिसेल त्या बाईला घेऊन तलावावर ये."

"कशाला?"

"बसायला."

"कुठे?"

"पाण्यात."

बायकोने लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे पुढे काही विचारलं नाही. आसपासच्या बायकांचा फोनवर एक गट होता. त्यावर तिने निरोप टाकला: 'आज तलाव फुकट. पेपरात फोटो येणार.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अर्ध्या तासात केंद्राच्या फाटकाशी अशी गर्दी झाली की कोरडे मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवावी लागली. ती वाजली नाही, आत धूळ होती. ज्यांच्याकडे पोहायचे कपडे होते त्या ते घालून उतरल्या, नव्हते त्या नवऱ्याच्या ढगळ टी-शर्टात उतरल्या. समारंभाला चार माणसं तरी दिसावीत म्हणून अध्यक्षांनी आपल्या बायकोला पुढे पाठवलं होतं. त्या बाईही खुर्चीवर एकट्या बसून कंटाळल्या आणि मैत्रिणींनी हाका मारल्यावर कपडे बदलून पाण्यात उतरल्या. तलावाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवरची निळी रेघ उघडी पडली होती. तिथे कोरडे मास्तरांनी 'पुनर्विकासाकडे एक पाऊल' असा कापडी फलक सोडला. पाणी उतरेल तसा ते तो खाली सरकवत होते.

अकरा वाजले. अध्यक्ष आले नाहीत.

"आले, आले!" फाटकावरून कुणीतरी ओरडलं. सगळ्या बायका गळ्यापर्यंत बसल्या. ती गॅस सिलिंडरची गाडी होती. पण एकदा बसलेल्या बायकांना परत उठवून परत बसवणं नको, म्हणून व्यवस्थापकांनी त्यांना तसंच बसवून ठेवलं. पाणी उतरत होतं. बायका त्याबरोबर उतरत होत्या. आधी नुसते गुडघे वाकलेले होते, मग उकिडवं बसावं लागलं, मग हात तळाला टेकावे लागले. "आता येतीलच," असं व्यवस्थापक काठावरून फेऱ्या मारत सांगत होते आणि मधूनच प्लंबरला फोन करत होते. प्लंबर निघालेलाच होता.

अध्यक्ष आले तेव्हा तलावात डोकीच डोकी होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. एकटं एक डोकं बाकीच्यांच्या बरंच वर होतं.

"अत्यल्प म्हणाला होतात ना?" अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

"हो साहेब. एरवी."

"आणि त्या कोपऱ्यातल्या बाई कोण? एवढ्या उंच कशा?"

"त्या... माझ्या सासूबाई, साहेब."

"उंच घराणं दिसतंय."

"हो साहेब."

भाषणाचा कागद व्यवस्थापकांनीच लिहून दिलेला होता. अध्यक्षांनी तो उलगडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बंधू-भगिनींनो, या तलावाकडे आज कोणीही फिरकत नाही..." इथे त्यांनी सवयीने समोर बघितलं. डोक्यांनी भरलेला तलाव त्यांच्याकडे टक लावून बघत होता. अध्यक्ष खोकले. "...असं जे कोणी म्हणत होते, त्यांनी आज इथे यायला हवं होतं," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात टाकला. राजकारणात ते उगाच इतकी वर्षं टिकले नव्हते. पण चाक तर समोर होतं, फीत बांधलेली होती आणि फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता.

चाक व्यवस्थापकांनी कागदाच्या घडीची पाचर मारून जागेवर बसवलं होतं. "फार जोर लावू नका, साहेब," ते पुटपुटले. "इकडे बघा साहेब," फोटोग्राफर म्हणाला. अध्यक्षांनी इकडे बघून चाक फिरवलं आणि ते त्यांच्या हातात आलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर कात्रीची आठवण तरळून गेली. पण गडी वस्ताद. त्यांनी ते चाक जिंकलेल्या ढालीसारखं डोक्यावर उंच धरलं. काठावरच्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यातल्या बायकांचे हात तळाला टेकलेले असल्यामुळे त्यांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला.

कुणी उभं राहिलं नाही. त्यांनी कपाळ पुसलं, मान पुसली, मग रुमाल सरळ हवेत हलवला. डोकी होती तिथेच होती.

"पाणी उतरत नाहीये वाटतं," फोटोग्राफर म्हणाला.

व्यवस्थापक हसत हसत काठाशी गेले आणि सगळ्यांत जवळच्या डोक्याजवळ वाकले. ते त्यांच्या बायकोचं होतं.

"उभं राहा ना!"

"अहो, उठता येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय नाहीयेत. मघापर्यंत होते."

"बाकीच्यांना तरी सांग."

"त्यांचेही गेलेत."

इतका वेळ उकिडवं बसून तमाम बायकांचे गुडघे धरले होते. मागच्या रांगेतून बारीक कण्हण्याचे आवाज यायला लागले आणि मग त्या सगळ्यांच्या वर एक ओळखीचा आवाज चढला. "अहो! मला उठवा!"

अध्यक्षांनी चाक खाली केलं. त्यांनी आधी खुर्च्यांकडे बघितलं, मग दाराकडे आणि शेवटी तलावात. "तू तिथे काय करतेस?"

"बसलेय!" अध्यक्षांची बायको म्हणाली.

आता कुणीतरी काहीतरी सांगणं भाग होतं. शेवटी कोपऱ्यातून सासूबाईच निघाल्या आणि डोक्यांमधून वाट काढत तलावाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या जेमतेम मांड्यांपर्यंत होतं आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं.

"तलाव रिकामा होत आलाय, साहेब," त्या म्हणाल्या. "सकाळपासूनच चाललंय. तुम्हाला फिरवायचं होतं ते चाक आमच्या जावईबापूंनी आधी फिरवून बघितलं. या सगळ्या बिचाऱ्या त्यांच्यासाठी बसल्यात. मला बसता येत नाही, म्हणून मी उभी होते."

फोटोग्राफरलासुद्धा कशाचा फोटो काढावा हे कळेना. व्यवस्थापक हातातल्या रुमालाची घडी घालत होते. घडी घालून झाली की ती उलगडून परत घालत होते.

सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. "एकदम कुणी उठू नका ग," त्या बायकांना म्हणाल्या. "एकमेकींचे हात धरा. अर्धवट उठा आणि आधी दोन पावलं टाका. पाणी आहे तोवर जमेल. ते संपलं की मग जमिनीवर माझ्यासारखं करावं लागेल."

त्यांनी पहिला हात आपल्या लेकीला दिला. व्यवस्थापकांची बायको ओठ घट्ट मिटून कशीबशी उठली, आईच्या दंडाला लटकली आणि पाऊल उचलायला गेली तशी कळवळली. "आई ग! तुला असं होतं?"

"पाण्याबाहेर. रोज."

लेक आईकडे बघत राहिली. इतकी वर्षं आई न्हाणीघराच्या दाराशी थांबली की 'चल ना ग लवकर' म्हणणारी ती एकटीच होती. काठावर उभ्या असलेल्या व्यवस्थापकांना ते सगळं ऐकू गेलं आणि आपला अहवाल कुणीतरी परत वाचून दाखवू नये असं त्यांना फार वाटलं.

मग एकीचा हात धरून दुसरी, दुसरीचा धरून तिसरी अशी ती सगळी माळ सासूबाईंच्या मागून तलावात गोल फिरायला लागली. दोन फेऱ्यांत कण्हणं थांबलं, तिसरीला कुणीतरी हसलं. पण पाणी मांड्यांवरून गुडघ्यांकडे निघालं होतं.

"अहो, बघत काय बसलात? आधी ते पाणी थांबवा!" माळेतून अध्यक्षांची बायको ओरडली.

"थांबवतो, थांबवतो," हातात चाक धरून अध्यक्ष म्हणाले.

नेमका त्याच वेळी खांद्याला पिशवी अडकवलेला प्लंबर आत आला. त्याने तलाव बघितला, बायकांची माळ बघितली, चाकाखालच्या खड्ड्यात वाकून व्हॉल्व्ह बघितला आणि मग चाक कुणाच्या हातात आहे ते बघितलं.

"कुणी काढलं हे?"

व्यवस्थापकांनी रुमाल खिशात टाकला.

"द्या इकडे. कळत नाही तर हात कशाला लावता?"

अध्यक्षांनी चाक मुकाट्याने दिलं. प्लंबरने पिशवीतून एक खिळ्यासारखं काहीतरी काढून ठोकलं, चाक बसवलं आणि फिरवलं. खालचा घोट घेण्याचा आवाज थांबला. "झालं," तो म्हणाला. "पाच मिनिटं म्हटलं होतं ना?"

टॉवेल गुंडाळून अध्यक्षांची बायको काठावर आली. तिच्यामागे अख्ख्या वस्तीतल्या बायका ओल्या अंगाने उभ्या होत्या आणि प्रत्येकीला मत होतं.

"हा तलाव बंद करणार होतात ना तुम्ही?"

"हा? छे! कोण म्हणालं?" अध्यक्ष म्हणाले आणि कोण म्हणालं ते शोधायला त्यांनी व्यवस्थापकांकडे बघितलं. मग ते परत माइककडे वळले. पुनर्विकास होणारच, पण तो बॅडमिंटनच्या हॉलपासून सुरू होईल. नवा तलाव भरेपर्यंत जुन्याला कुणी हात लावणार नाही, तोडलेला नळ आजच जोडला जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. आता टाळ्या वाजवायला सगळ्यांचे हात मोकळे होते.

गाडीत बसताना त्यांनी व्यवस्थापकांच्या खांद्यावर हात ठेवला. "नव्या संकुलासाठी बघू दुसरं कोणीतरी. तुमच्यासारखा माणूस इथून हलवणं म्हणजे लोकांवर अन्याय होईल."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. उंच धरलेलं चाक, मागे असंख्य डोकी आणि खाली 'तलाव वाचवणारे हात'. तलाव भरला, आणि फोटोत आपलं डोकं सापडलेल्या व न सापडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बायका सकाळपासून रांग लावायला लागल्या. कपडे टांगायला खुंट्या पुरेनात. कोरडे मास्तरांची खुर्ची गर्दीत दोनदा पाण्यात पडली, एकदा त्यांच्यासकट. बेसिनखाली डोकं सांभाळत व्यवस्थापकांनी नवा अहवाल लिहिला आणि रात्री जेवताना तो वाचून दाखवला. या वेळी अर्थातच कुणी दुखावणार नव्हतं.

"'...सदर तलावास नागरिकांचा प्रतिसाद प्रचंड आहे.'"

बायको म्हणाली, "छान लिहिलंय." सासूबाई ताटातल्या घासाशी नुसत्या चाळा करत होत्या.

"काय झालं, आई? आता तर मिळाला ना तलाव?"

"मिळाला की." त्यांनी घास ताटातच सोडला. "दोन पावलं टाकली की कुणाची तरी पाठ लागते. वळावं तर तिकडे तिसरीच कुणी उभी. सगळ्या येतात, माझे गुडघे कसे आहेत विचारतात आणि आपले कसे आहेत ते सांगत वाटेत उभ्या राहतात. पाण्यातसुद्धा आता घरातल्यासारखीच चालते मी. थांबत थांबत."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताटाकडे बघितलं.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तो जुना अहवाल होता ना, अत्यल्पवाला? तो परत पाठवता येणार नाही का हो?"

तो परत पाठवता येणार नव्हता. पण आता रोज सकाळी पहिली तुकडी सुरू होण्याआधी केंद्राच्या फाटकावर 'तलाव बंद आहे' अशी पाटी लागते. आत व्यवस्थापक पँट वर दुमडून, पाय पाण्यात सोडून काठावर बसलेले असतात आणि समोरच्या मोकळ्या तलावात त्यांच्या सासूबाई हात हलवत, मागे वळून त्यांच्याशी बोलत, या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालत असतात. बाहेर रांगेतल्या बायकांना आतून पाण्याचा आणि बोलण्याचा आवाज येतो.

"मास्तर, बंद आहे म्हणता, मग आत कुणी आहे का?" त्या विचारतात.

"आहे," फाटकाला पाठ लावून उभे असलेले कोरडे मास्तर सांगतात. "अत्यल्प."